क्रमिक पुस्तकांतील पाठभेद आणि उत्क्रांतिवादाचे शिक्षण

इतिहासाचा अभ्यासक पोथ्या ताडून पाहतो, ताम्रपटांची अक्षरे लावतो, सनदांवरील शिक्के न्याहाळतो. परंतु शाळेतील क्रमिक पुस्तक हेही इतिहासाचे साधन आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. वर्षभर मुलांनी हाताळलेले, कोपरे दुमडलेले, शाईचे डाग पडलेले ते पुस्तक परीक्षा आटोपताच रद्दीत जाते. पुढील वर्षी त्याच नावाचे, त्याच ग्रंथकाराचे नवे पुस्तक येते आणि जुन्यात काय होते व नव्यात काय नाही, हे पाहण्यास कोणी उरत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही असे दाखविणार आहोत की, राजकारणी पुरुषांनी सरकारी शाळांतील उत्क्रांतिवादाच्या शिक्षणात जेथे जेथे हात घातला, तेथे तेथे खरे काय घडले ह्याचा निर्णय भाषणांवरून अथवा खटल्यांच्या कथांवरून होत नाही. तो पुस्तकांच्या निरनिराळ्या आवृत्त्या समोरासमोर ठेवल्यानेच होतो. ह्या विषयाची सर्वांत विपुल साधने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहेत. म्हणून विवेचनाचा मोठा भाग त्या देशाविषयीचा आहे. शेवटी आपल्याकडील दोन प्रसंगांचा विचार केला आहे.

ह्या प्रकरणाची एक बखर जगभर प्रसिद्ध आहे. ती म्हणजे १९५५ साली रंगभूमीवर आलेले ‘इनहेरिट द विंड’ हे नाटक व १९६० साली त्यावरून निघालेला चित्रपट. एका लहान गावातील शिक्षक उत्क्रांती शिकवितो म्हणून तुरुंगात पडतो, धर्मवेडे लोक त्याच्यावर उठतात, एक थोर वकील त्याची बाजू घेतो आणि अखेरीस अज्ञानाचे हसे होते, असा त्याचा एकंदर आशय. बखरीत जे गुण असतात ते ह्या नाटकात आहेत व बखरीचे दोषही आहेत. खरा शिक्षक जॉन स्कोप्स तुरुंगात बसला नव्हता. नव्या कायद्याची कसोटी पाहण्यासाठी तो स्वखुशीने आरोपी झाला होता. आणि अज्ञानाचे हसे झाले म्हणून त्याचा पराभव झाला, हे अनुमान तर अस्सल साधनांशी मुळीच जुळत नाही. कै. राजवाडे यांनी बखरींवर विसंबणाऱ्यांस अस्सल कागदांकडे वळविले. तोच मार्ग येथेही धरला पाहिजे.

प्रथम कायद्याचा कागद पाहू. टेनेसी संस्थानाच्या प्रतिनिधिगृहातील जॉन वॉशिंग्टन बटलर ह्या शेतकरी सभासदाने १९२५ च्या जानेवारीत एक विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहाने ते ७१ विरुद्ध ५ अशा मतांनी व सिनेटने २४ विरुद्ध ६ अशा मतांनी संमत केले आणि २१ मार्च १९२५ रोजी गव्हर्नर ऑस्टिन पे यांनी त्यावर सही केली. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा कागद फार बोधप्रद आहे. कारण त्याचे शीर्षक व त्याचे कलम ह्यांत मेळ नाही. शीर्षकात उत्क्रांतिवाद शिकविण्यास सरसकट बंदी असे म्हटले आहे. कलमात मात्र बायबलात सांगितलेली मनुष्याची दैवी उत्पत्ती नाकारणे व त्याऐवजी मनुष्य खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शिकविणे, एवढेच निषिद्ध ठरविले आहे. वनस्पतींची अथवा माशांची उत्क्रांती शिकविली तर गुन्हा होतो की नाही? शीर्षक पाहिल्यास होतो, कलम पाहिल्यास होत नाही. दंड १०० ते ५०० डॉलर. विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे अध्यक्षपदासाठी तीनदा उभे राहिलेले नेते ह्या चळवळीचे अध्वर्यू होते. परंतु कायद्यात दंडाची तरतूद नसावी, असा सल्ला त्यांनी टेनेसीतील एका सिनेटरास पत्राने दिला होता. तो मानला गेला नाही.

गव्हर्नर पे यांनी सही करताना कायदेमंडळास जो संदेश पाठविला, तो ह्याहून लक्षात ठेवण्याजोगा आहे. हा कायदा प्रत्यक्ष अमलात येईल असे कोणासही वाटत नाही. आणि शाळांतून सध्या चालू असलेल्या पुस्तकांत ह्या कायद्याने बाध येईल असे विशेष काही आपणांस आढळले नाही, असा त्याचा आशय होता. पे हे शिक्षणाचे वैरी नव्हते. त्याच वर्षी त्यांनी शाळा वर्षातून आठ महिने चालाव्यात अशी तरतूद असलेला मोठा शिक्षणविषयक कायदा करून घेतला व त्यासाठी त्यांस खेड्यापाड्यांतील सभासदांची मते हवी होती. राज्यकर्त्याने एका हाताने शाळा वाढवाव्यात व दुसऱ्या हाताने त्या शाळेतील एक प्रकरण बांधून टाकावे, आणि वर ‘हे नुसते कागदावर राहील’ असे समाधान मानावे, हा प्रकार आपणांस अपरिचित नाही.

आता गव्हर्नरसाहेबांस ज्यात विशेष काही आढळले नाही, ते पुस्तक पाहू. जॉर्ज विल्यम हंटर ह्या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने लिहिलेले ‘अ सिव्हिक बायॉलॉजी’ हे क्रमिक पुस्तक १९१४ साली निघाले व टेनेसी संस्थानाने ते अधिकृतपणे मान्य केले होते. त्यात उत्क्रांतीच्या सिद्धांताचे प्रकरण आहे, डार्विनचा गौरव आहे, आणि प्राण्यांच्या वर्गांचे एक वृक्षाकार चित्र आहे. त्या चित्रात प्रत्येक वर्गास त्यातील जातींच्या संख्येनुसार लहानमोठे वर्तुळ दिले आहे. सस्तन प्राण्यांच्या ३,५०० जातींचे एक छोटेसे वर्तुळ असून मनुष्य त्यातच कोठेतरी गृहीत धरला आहे. १६ जुलै १९२५ रोजी ब्रायन यांनी न्यायालयात हेच चित्र पुढे करून, मनुष्यास इतर ३,४९९ सस्तन प्राण्यांत कोंबले आहे, असा उपहास केला. डेटन गावात हे पुस्तक विकत मिळण्याचे ठिकाण म्हणजे रॉबिन्सन यांचे औषधांचे दुकान; हे रॉबिन्सनच त्या तालुक्याच्या शालासमितीचे अध्यक्ष होते व खटला उभा करण्याची मसलत त्यांच्याच दुकानात झाली. तात्पर्य, पुस्तक संस्थानाने मान्य केलेले, विकणारा शालासमितीचा अध्यक्ष, आणि त्यातून शिकविल्याबद्दल आरोपी मात्र २४ वर्षांचा शिक्षक.

येथे एक गोष्ट निःपक्षपाताने सांगितली पाहिजे. हंटरचे पुस्तक निर्दोष नव्हते. मानववंशांची उच्चनीच उतरंड व ‘सुप्रजनना’च्या नावाखाली दुर्बल कुटुंबांविषयी केलेले कठोर विवेचन त्यात आहे, आज कोणताही जीवशास्त्रज्ञ ते मान्य करणार नाही. परंतु टेनेसीच्या कायदेमंडळाने त्या पानांस बोट लावले नाही. जे पान शास्त्रदृष्ट्या टिकणारे होते त्यावर बंदी आली व जे टिकणारे नव्हते ते मोकळे राहिले.

खटला १० ते २१ जुलै १९२५ पर्यंत चालला. क्लॅरन्स डॅरो आरोपीच्या बाजूस व ब्रायन सरकारच्या बाजूस होते. न्यायाधीश रॉल्स्टन यांनी १०० डॉलर दंड केला. १९२७ च्या जानेवारीत टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला, परंतु शिक्षा रद्द केली. कारण ५० डॉलरांवरील दंड ज्यूरीने ठरविला पाहिजे, असा त्या संस्थानाच्या घटनेचा नियम असताना तो न्यायाधीशाने ठरविला होता. शिक्षा रद्द झाल्यामुळे वरच्या न्यायालयात जाण्याचा मार्गही खुंटला आणि कायदा जसाच्या तसा पुस्तकावर राहिला.

येथवर बखर व अस्सल कागद थोडेबहुत बरोबर चालतात. बखर थांबते तेथे आमचा विषय सुरू होतो. १९२६ साली हंटरच्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती ‘अ न्यू सिव्हिक बायॉलॉजी’ ह्या नावाने निघाली. दोन्ही आवृत्त्या ताडून पाहिल्या असता ‘उत्क्रांती’ हा शब्द गळालेला दिसतो. ज्या चित्राचा ब्रायन यांनी उपहास केला ते नाहीसे झालेले दिसते. आणि डार्विनच्या शोधाचा जेथे गौरव होता, तेथे सर्व जीव कसे बदलतात ह्याविषयीचे त्याचे विवरण, अशा मोघम शब्दांची योजना आढळते. ट्रूमन मून यांच्या ‘बायॉलॉजी फॉर बिगिनर्स’ ह्या पुस्तकाची गोष्ट त्याहून स्पष्ट आहे. १९२१ च्या आवृत्तीत आरंभीच डार्विनचे चित्र होते. १९२६ च्या आवृत्तीत त्या जागी मनुष्याच्या पचनसंस्थेची आकृती आली. डार्विनच्या जागी जठर व आतडी! टेक्सस संस्थानात तर खटल्याच्याच वर्षी गव्हर्नर मिरियम फर्ग्युसन यांच्या अध्यक्षतेखालील पुस्तकमंडळाने उत्क्रांतीचा मजकूर असलेल्या पुस्तकांस मज्जाव केला आणि प्रकाशकांनी तेथील शाळांपुरत्या निराळ्या प्रती छापल्या. पोथ्यांच्या भाषेत बोलावयाचे तर ही एक स्वतंत्र ‘टेक्सस शाखा’च झाली.

हा सर्व लोप १९७४ सालापर्यंत विद्वानांच्या नजरेत नीटसा भरला नव्हता. त्या वर्षी जुडिथ ग्रेबिनर व पीटर मिलर यांनी त्या काळातील शालेय पुस्तके एकत्र करून ताडून पाहिली व ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्तमानपत्रांत उत्क्रांतिवाद्यांचा जय झाला असे सुमारे ५० वर्षे सर्वांस वाटत होते. शाळेच्या दप्तरात मात्र तो हरला होता, असे त्यातून निष्पन्न झाले. ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, पुस्तकांतील बदल प्रकाशकांनी केले, कायदेमंडळांनी नव्हे. आणि नव्या आवृत्तीस इतरही कारणे असू शकतात. आक्षेप काही अंशी खरा आहे. परंतु त्यानेच मुद्दा अधिक दृढ होतो. बंदीचे कायदे टेनेसीनंतर मिसिसिपी (१९२६) व आर्कान्सा (१९२८) अशा मोजक्याच संस्थानांत झाले. लोप मात्र सर्व देशभर पसरला, कारण प्रकाशकास एकच पुस्तक सर्वत्र खपवावयाचे असते. राजाज्ञा एका प्रांताची आणि पाठ बिघडला सर्व प्रांतांचा, अशी ही स्थिती आहे.

१९५७ साली रशियाने स्पुटनिक आकाशात सोडल्यावर अमेरिकनांस आपल्या शास्त्रशिक्षणाची चिंता लागली. सरकारी द्रव्यसाहाय्याने जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाचे मंडळ स्थापन झाले व १९६३ साली त्याची जी पुस्तके निघाली त्यांत उत्क्रांतीस पुनः प्रमुख स्थान मिळाले. लगेच जुना पेच पुनः उत्पन्न झाला. आर्कान्सातील लिटल रॉक येथील शिक्षिका सुझन एपरसन यांच्या हाती शाळेनेच उत्क्रांतीचे प्रकरण असलेले नवे पुस्तक दिले. ते शिकवावे तर १९२८ चा कायदा मोडतो, न शिकवावे तर नेमलेले काम चुकते. शिक्षकास दोन सरकारी कागदांमध्ये असे चिमटीत धरले जाते, ह्याचा अनुभव ज्यांनी खडू हातात धरला आहे त्यांस निराळा सांगण्याची गरज नाही. टेनेसीने १९६७ साली आपला कायदा स्वतःच रद्द केला. एपरसन यांच्या दाव्यात १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्साचा कायदा घटनाबाह्य ठरविला.

ह्यापुढे राजकारण्यांनी धोरण बदलले. उत्क्रांती बंद करता येत नाही, तर तिच्या शेजारी ‘सृष्टिविज्ञान’ बसवावे व दोहोंस सारखा वेळ द्यावा, असा कायदा लुइझियानाने १९८१ साली केला. तोही सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९८७ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळला. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण पुढील पाठनिर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

२००४ च्या ऑक्टोबरात पेन्सिल्व्हेनियातील डोव्हर गावच्या लोकनियुक्त शालासमितीने ६ विरुद्ध ३ मतांनी असा ठराव केला की, विद्यार्थ्यांस डार्विनच्या सिद्धांतातील उणिवा व ‘बुद्धिपुरस्सर योजने’चा पक्ष ह्यांची जाणीव करून द्यावी. ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ ह्या पुस्तकाच्या ६० प्रती शाळेस देणगी म्हणून मिळाल्या. ११ पालकांनी फिर्याद केली. समितीच्या बाजूचे म्हणणे असे की, हे पुस्तक धर्माचे नव्हे, शास्त्राचे आहे. न्यायालयांनी बाद केलेल्या सृष्टिवादाशी त्याचा संबंध नाही. छापील पुस्तकावरून ह्याचा निकाल लागणे कठीण होते. तेव्हा वादींच्या वकिलांनी प्रकाशकाकडून छपाईपूर्वीचे खर्डे न्यायालयामार्फत मागविले, आणि लुइझियानातील तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते ताडून पाहिले.

जे आढळले ते कोणत्याही पोथीसंग्राहकास मोह घालील असे आहे. १९८३, १९८६ व १९८७ च्या खर्ड्यांत ग्रंथाचे नाव वारंवार बदलत गेले. १९८७ चे खर्डे दोन. पहिल्यात ‘सृष्टी’ व तिचे साधित शब्द ठिकठिकाणी. दुसऱ्यात, म्हणजे वर सांगितलेल्या निकालानंतरच्या खर्ड्यात, त्यांच्या जागी ‘बुद्धिपुरस्सर योजना’. न्यायाधीशांच्या नोंदीप्रमाणे असे सुमारे १५० पालट झाले होते. व्याख्या तीच, उदाहरणे तीच, व्याख्या करावयाचा शब्द तेवढा निराळा. आणि एके ठिकाणी पालट करणाऱ्याचा हात चुकला. ‘क्रिएशनिस्ट्स’ हा शब्द पुसून ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ हे शब्द घालताना जुन्या शब्दाचे आद्याक्षर पुढे व अंत्य प्रत्यय मागे तसाच राहिला, आणि ‘सीडिझाइन प्रोपोनंट्सिस्ट्स’ असे एक विलक्षण रूप कागदावर उमटले. मराठीत समजावयाचे तर ‘सृष्टिवादी’ खोडून ‘योजनापक्षीय’ लिहिताना ‘सृयोजनापक्षीयवादी’ असे व्हावे, तसे हे आहे. लेखनिकाचा प्रमाद पोथीचा वंश सांगतो, हे आपल्या शास्त्रातील सूत्र. येथे एका हस्तदोषाने सबंध ग्रंथाची कुळी उघडी पडली. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी दिलेल्या १३९ पृष्ठांच्या निर्णयपत्रात ह्या खर्ड्यांच्या पुराव्याचा आधार घेऊन समितीचे धोरण घटनाबाह्य ठरविले. त्यापूर्वीच, ८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत उभे असलेले समितीचे आठही जुने सभासद पडले होते.

आता आपल्याकडील प्रसंग. १९ जानेवारी २०१८ च्या सुमारास औरंगाबाद (सांप्रतचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले केंद्रीय मनुष्यबळविकास खात्याचे तत्कालीन राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, डार्विनचा सिद्धांत शास्त्रदृष्ट्या चुकीचा असून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल केला पाहिजे, असे विधान केले. वानराचा मनुष्य होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे सांगितले वा लिहिले नाही, हे त्यांचे प्रमाण. संस्कृत ग्रंथांचे अध्ययन करणाऱ्यास ह्या प्रमाणाचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष व शब्द ह्यांबरोबर अनुमान हेही स्वतंत्र प्रमाण मानले आहे. धूर दिसला असता अग्नी पाहिलेला नसला तरी तो आहे असे ते म्हणतात. आणि सिद्धांतात वानराचा मनुष्य झाला असे म्हटलेलेच नाही. दोहोंचे पूर्वज एक, एवढेच म्हटले आहे. देशातील तीन विज्ञान अकादमींनी दोनच दिवसांत संयुक्त पत्रक काढून ह्या विधानाचे खंडन केले व वरिष्ठ मंत्र्यांनी राज्यमंत्र्यांस अशी विधाने टाळण्यास सांगितले. पुस्तकातील एक अक्षरही तेव्हा बदलले नाही.

अक्षर बदलले ते पुढे, गाजावाजा न होता. करोनाच्या साथीनंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याचे कारण देऊन एन.सी.ई.आर.टी. ह्या केंद्रीय संस्थेने २०२२ साली पाठ्यांश कमी केला. त्याप्रमाणे २०२३ च्या इयत्ता दहावीच्या विज्ञानपुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण केवळ ‘आनुवंशिकता’ ह्या नावाने राहिले व उत्क्रांतीचा भाग गळाला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक इत्यादिकांनी सह्या करून हा भाग परत घालण्याची विनंती केली. न्यायबुद्धीने दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. गाळलेल्या भागांची यादी संस्थेने स्वतः प्रसिद्ध केली होती, हंटरप्रमाणे मुकाट्याने लोप झाला नाही. आणि बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचे प्रकरण ठेवले आहे. २०१८ चे भाषण व २०२३ चा लोप ह्यांस कार्यकारणभावाने जोडणारा कागद आमच्यापुढे नाही. तेव्हा ते जोडण्याचे साहस आम्ही करीत नाही. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारा विद्यार्थी त्या पुस्तकातून उत्क्रांती वाचल्यावाचून बाहेर पडतो, हे दोन आवृत्त्या उघडून कोणासही पाहता येते. त्यास भाषणाचा आधार लागत नाही. ह्याच्या उलट महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञान व तंत्रज्ञान भाग २ ह्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. एकाच देशात, एकाच इयत्तेच्या पुस्तकांच्या ह्या दोन शाखा संग्राहकांनी आजच शेजारी ठेवण्यासारख्या आहेत.

उपरिनिर्दिष्ट सर्व प्रसंगांवरून आम्हांस असे वाटते की, मोठ्याने बोलणारा मंत्री शिक्षणास जितका बाधक होतो, त्याहून निमूटपणे गळालेले पान अधिक बाधक होते. भाषणास उत्तर देणारे पुढे येतात. गळालेल्या पानास उत्तर कोण देणार? ते पान ज्यांनी वाचलेच नाही त्या मुलांस ते हरवल्याचेही दुःख नसते. अशा पानाची साक्ष देणारा एकच साक्षीदार उरतो. तो म्हणजे कोणीतरी जपून ठेवलेली जुनी प्रत. प्रकाशकाने खर्डे फाडून टाकले असते तर डोव्हरच्या न्यायालयास तो पालट दिसला नसता. मूनची १९२१ ची प्रत कोठे शिल्लक नसती तर डार्विनचे चित्र तेथे होते हे आज कोणास सांगता आले नसते.

म्हणून संग्राहक मंडळींस आमची आग्रहाची विनंती आहे. पोथ्यांच्या बासनाशेजारी एक कप्पा क्रमिक पुस्तकांसाठी ठेवावा. प्रत्येक आवृत्ती व शक्य तर प्रत्येक पुनर्मुद्रण घ्यावे. मुखपृष्ठ व मुद्रणवर्षाचे पान फाडू देऊ नये. अनुक्रमणिका व सूची शाबूत ठेवावी, कारण लोप प्रथम तेथे दिसतो. विद्यार्थ्यांच्या समासातील टिपा पुसू नयेत, कारण वर्गात खरोखर काय शिकविले गेले ह्याची ती नोंद असते. रद्दीच्या भावाने मिळणारी ही साधने आहेत. भोजपत्रावरील पोथीस शतके लोटल्यावर मोल आले. छापील क्रमिक पुस्तकास एवढी सवड मिळत नाही, पुढील जून महिन्यातच त्याची नवी आवृत्ती येते.